खुरांचे प्राणी, दाढेतलं गवत आणि आपलं माळरान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळांमध्ये आणि सुट्टीच्या दिवशीच्या भटकंतीत मी दगड आणि हाडं दाखवत फिरतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. जीवाश्म म्हटलं की मुलांना डायनासोर आठवतात. टेबलावर गायीची दाढ ठेवली तर आधी थोडी निराशाच होते. पण पाच-दहा मिनिटांत प्रश्न सुरू होतात आणि मग थांबत नाहीत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

खुरांचे प्राणी म्हणजे नेमके कोणते?

यांचे दोन मोठे गट आहेत. पायाचा भार दोन मधल्या बोटांवर पेलणारे ते समखुरी: गाय, म्हैस, शेळी, हरणं, काळवीट, उंट, जिराफ, डुक्कर, पाणघोडा. मधल्या एकाच बोटावर मुख्य भार टाकणारे ते विषमखुरी: घोडा, गाढव, गेंडा, टॅपिर. बैलाचा खूर मधोमध दुभंगलेला असतो आणि घोड्याची टाप एकसंध असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हत्तीला बोटांवर नखं असतात, पण तो या दोन्ही गटांत बसत नाही. नदीकाठच्या गाळात त्याचे जीवाश्म याच प्राण्यांच्या शेजारी सापडतात, म्हणून त्याचा उल्लेख अधूनमधून येईल.

जुनं हवामान समजून घ्यायला हेच प्राणी का?

हे प्राणी झाडपाला खातात आणि कळपाने राहतात, त्यामुळे त्यांची संख्या मोठी असते. एका वाघामागे शेकडो हरणं असतात, म्हणून गाळात गाडलं जाण्याची संधीही हरणांनाच जास्त मिळते. शिवाय वनस्पती खाणाऱ्याचं शरीर आजूबाजूच्या वनस्पतींना बांधलेलं असतं. वाघ रानातही राहील आणि गवताळ भागातही. पिसोरी या इवल्याशा खुरांच्या प्राण्याला मात्र दाट जंगलाचा आडोसा लागतो आणि चिंकाऱ्याला मोकळं माळरान.

पुणे जिल्ह्यात ही दोन्ही टोकं आजही आहेत, हे आपलं भाग्य. पश्चिमेला भीमाशंकरच्या जंगलात सशापेक्षा थोडी मोठी पिसोरी आहे. पूर्वेला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. उद्या हे दोन्ही प्राणी नामशेष झाले आणि फक्त त्यांच्या दाढा उरल्या, तरी दहा लाख वर्षांनी कुणी अभ्यासक सांगू शकेल की इथे एका बाजूला ओलं जंगल होतं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं गवत. आपण जुन्या दाढा वाचतो त्या याच पद्धतीने.

हाडांपेक्षा दातांनाच एवढं महत्त्व का?

दात टिकतात म्हणून. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग खनिज असतो. हाड सच्छिद्र असतं. मातीतलं पाणी त्यात झिरपतं आणि त्याचं मूळ रसायन बदलून टाकतं. एनॅमल सहसा तसं बदलत नाही. प्राण्याने काय खाल्लं आणि कुठलं पाणी प्यायलं, याची नोंद त्यात लाखो वर्षं राहते.

दात वाचण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. चाकणच्या बैलबाजारात जाऊन बघा. गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडतो आणि सांगतो: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. तो पुढचे दात बघून वय ओळखतो. जीवाश्मांचे अभ्यासक तोंडात थोडं आणखी मागे जातात आणि दाढा बघतात.

दाढ बघून कळतं तरी काय?

आमच्याकडे रानबैलाची एक अश्मीभूत दाढ आहे. हातात घेतली की पहिल्यांदा तिचा जडपणा जाणवतो. रंग तपकिरी-काळा, बाजूंना उभ्या खाचा आणि उंची बोटभर. वरचा झिजलेला पृष्ठभाग उजेडात तिरका धरला की एनॅमलच्या कडा चमकतात आणि त्यात चंद्रकोरी दिसतात. रवंथ करणाऱ्या सगळ्या प्राण्यांच्या दाढांवर अशाच कोरी असतात. एनॅमल कठीण आणि त्यामधला भाग मऊ. मऊ भाग आधी झिजतो, कठीण कडा वर राहतात आणि दाढ जात्यासारखी खरखरीत राहते. जात्याला टाकी लावावी लागते, हिला झिजतानाच टाकी लागत जाते.

डुकराच्या दाढेवर गोलसर उंचवटे असतात, आपल्या दाढेसारखेच, कारण तोही सगळं खाणारा. घोड्याच्या दाढेत एनॅमलच्या इतक्या घड्या असतात की बघताना नागमोडी नक्षीच वाटते. आणि पाणघोड्याची झिजलेली दाढ एकदा बघितली की विसरता येत नाही, कारण तिच्यावर बेलाच्या पानासारखी तीन दळं उमटलेली असतात.

मग येते उंची. कोवळा पाला खाणाऱ्याची दाढ बुटकी असली तरी त्याचं आयुष्य निघतं. गवत खाणाऱ्याचं तसं नाही. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात (गवत कापताना बोट चिरतं ते त्यांच्यामुळेच), आणि जमिनीलगत चरताना धूळ-मातीही तोंडात जाते. दाढ झिजत राहते. म्हणून गवत खाणाऱ्यांत उंच दाढा विकसित झाल्या. त्यांचा बराचसा भाग जबड्यात दडलेला असतो आणि झिजेल तसा वर सरकत राहतो.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी बारीक गोष्ट दिसते. गवतामुळे दाढेवर बारीक समांतर ओरखडे पडतात, तर बिया, साली आणि कठीण फळांमुळे खळगे. ओरखड्यांमधून शेवटच्या काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा आहार कळतो. दाढेच्या उंचीतून मात्र त्या प्राण्याच्या वंशाचा लाखो वर्षांचा आहार कळतो. हे दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच खरी गंमत असते.

रसायनावरून गवत ओळखतात ते कसं?

भात आणि ज्वारी शेजारी ठेवा. भात, गहू, डाळी आणि जवळपास सगळी झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीने शोषतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या पद्धतीला सी-३ आणि दुसरीला सी-४ म्हणतात. सी-४ वनस्पती ऊन आणि कोरडेपणा अधिक सोसतात.

कार्बनचे हलका आणि जड असे दोन स्थिर प्रकार हवेत असतात. सी-३ वनस्पतींमध्ये जड कार्बन बराच कमी असतो. मोजपट्टीवर त्यांची सरासरी साधारण उणे २७ येते. सी-४ वनस्पतींची उणे १२ च्या आसपास. ही मोजणी एका ठरावीक प्रमाण-नमुन्यापासूनच्या दर हजारी फरकाची असते. जनावर जे खातं, त्याचा कार्बन साधारण १४ अंकांच्या वाढीसह एनॅमलमध्ये उतरतो. म्हणजे निव्वळ झाडपाला खाणाऱ्याची दाढ उणे १३ च्या आसपास येईल आणि निव्वळ सी-४ गवत खाणाऱ्याची अधिक १ ते २ च्या आसपास. फरक इतका मोठा आहे की गोंधळ होण्याचं कारण नाही.

कार्बनसारखेच ऑक्सिजनचेही हलके-जड प्रकार मोजले की पाण्याची गोष्ट कळते. गायीची एक मागची दाढ तयार व्हायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. तिच्यावर वरून खाली थोड्या थोड्या अंतरावर बारीक नमुने घेतले, तर पावसाळा आणि उन्हाळा एकामागून एक उलगडत जातात. हजारो वर्षांपूर्वीच्या एका जनावराच्या आयुष्यातला एक पावसाळा आपल्याला मोजता येतो. मी हे शंभर वेळा सांगितलं असेल, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

गवत कधीपासून आहे?

गवत डायनासोरांच्या काळापासून आहे, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सिलिकाचे कण मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी गवत इतकं जुनं असेल असं सहसा मानलं जात नव्हतं. पण गवत असणं वेगळं आणि मैलोन्‌मैल गवताळ प्रदेश असणं वेगळं. मोठे गवताळ प्रदेश फार नंतर आले, आणि ते कधी आले हे सांगतात खुरांच्या प्राण्यांचे दात.

शिवालिकचं नाव सारखं का घेतलं जातं?

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिकच्या टेकड्यांमध्ये सुमारे पावणेदोन कोटी वर्षांचा गाळ थरावर थर साचलेला आहे आणि तो जीवाश्मांनी भरलेला आहे. १८३० च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंते प्रोबी कॉटली यांनी तिथून हाडांचे ढीग गोळा केले. १८३६ मध्ये त्यांनी शिवथेरियमचं वर्णन केलं. हा जिराफाचा अवाढव्य नातेवाईक होता. मान आखूड, अंगपिंड हत्तीच्या जवळ जाणारा आणि डोक्यावर रुंद शिंगं. त्याला नाव मिळालं ते शिवाचं.

माझ्या मते या टेकड्यांचं मोठेपण एका बदलात आहे. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी तिथे हिपारियन नावाचे तीन बोटांचे घोडे आले. त्यांच्या दाढा उंच होत्या. साहजिकच वाटेल की तिथे गवताळ प्रदेश तयार असणार. पण कार्बन मोजला तेव्हा दिसलं की सुरुवातीचे हिपारियन प्रामुख्याने सी-३ वनस्पतीच खात होते. ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात चित्र पालटलं. जुन्या मातीतल्या चुनखडीच्या गाठी आणि प्राण्यांच्या दाढा, दोन्हींत सी-४ गवत चढत गेलं. त्याच काळात पाला आणि फळं खाणारे, ओल्या जंगलात राहणारे प्राणी तिथून कमी होत गेले. पिसोरीचे नातेवाईक शिवालिकमध्ये एके काळी कितीतरी प्रकारचे होते, तेही घटले. ओरांगउटानचा नातेवाईक असलेला शिवपिथेकस हा वानरही संपला.

म्हणजे उंच दाढ आधी आणि सी-४ गवताचं राज्य नंतर. नुसती दाढेची उंची बघून निष्कर्ष काढला असता, तर गवताळ प्रदेशाची तारीख वीस-तीस लाख वर्षांनी चुकली असती.

देवमासा खुरांच्या प्राण्यांतून आला हे खरं का?

हो, आणि त्याचा एक महत्त्वाचा दुवा भारतातला आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूमधल्या कालाकोटजवळून गोळा केलेल्या दगडांत इंडोहायस नावाच्या प्राण्याचे अवशेष होते. हा मांजराएवढा, बारीक पायांचा समखुरी प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. रावांच्या मागे ते दगड संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे गेले. दगड सोलताना एका कवटीचा कानाकडचा भाग अपघाताने तुटला आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्याची भिंत एका बाजूला जाड होती, जशी देवमाशांची असते. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की त्याच्या पायांची हाडं भरीव आणि जड होती, पाण्यात बुडून राहायला मदत करणारी. दातांतला ऑक्सिजनही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यासारखा होता. बाहेरून हरणासारखा दिसणारा हा प्राणी ओढ्याच्या पाण्यात वावरत होता, हे त्याच्या हाडांनीच सांगितलं.

पायांवरून काही कळतं का?

कळतं. मोकळ्या माळावर पळणाऱ्या प्राण्यांचे पाय खालच्या बाजूला लांब आणि सडपातळ होत जातात आणि सांधे पुढे-मागे हलण्यापुरतेच बांधले जातात. जंगलात राहणाऱ्याला झुडपांतून वळावं लागतं, म्हणून त्याचे सांधे जास्त सैल असतात. घोट्याचं एक हाड तर सगळ्या समखुरी प्राण्यांची ओळखच आहे. त्याला वर आणि खाली अशा दोन कप्प्या असतात. ते छोटं आणि घट्ट असल्यामुळे गाळात चांगलं टिकतं.

वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीवर जीवाश्म सापडतील का?

खुरांच्या प्राण्यांचे नाही. पुण्याच्या टेकड्या काळ्या कातळाच्या, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आहेत. तप्त लाव्हात हाडं टिकत नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ साचलेला असेल तर तिथे जीवाश्म मिळतात, पण असे थर मुख्यतः विदर्भ, मध्य प्रदेश आणि तेलंगणाकडे आहेत. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या अशाच एका थरातून मिळालेली एकच इवलीशी दाढ २००७ मध्ये खुरांच्या प्राण्यांच्या आदिम नातेवाइकाची म्हणून प्रसिद्ध झाली.

लोक टेकडीवरून आणि खाणींतून ‘दात’ म्हणून आणतात, ते बहुतेक वेळा झिओलाइटचे स्फटिक असतात. पांढरे, चकचकीत आणि फार सुंदर. जपून ठेवा, पण ते दात नव्हेत.

मग आपल्याकडे बघायचं कुठे?

नद्यांच्या काठांवर. घोड, प्रवरा, गोदावरी, मांजरा यांच्या काठांवर आजच्या पात्रापेक्षा उंचावर जुन्या गाळाचे आणि चुन्याने घट्ट झालेल्या गोट्यांचे थर दिसतात. प्रवरेकाठचं नेवासा आणि गोदावरीकाठचं काळेगाव इथून रानबैलाचे जीवाश्म मिळाले आहेत, आणि याच थरांत माणसाची दगडी हत्यारंही आहेत. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या नद्या अक्षरशः पायी पिंजून काढल्या. पुढे तिथेच जी. एल. बादाम यांनी या प्राण्यांचा कसून अभ्यास केला.

या रानबैलाचं शास्त्रीय नाव बॉस नामाडिकस, म्हणजे नर्मदेचा बैल. आपल्या वशिंडाच्या बैलांचा तो पूर्वज मानला जातो. नर्मदेच्या खोऱ्यात त्याच्या सोबतीला घोडे, हरणं, पाणघोडे आणि हत्ती आहेत. तिथेच हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडला.

महाराष्ट्रात पाणघोडे होते?

होते. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी त्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. दिवसभर पाण्यात बसायचं आणि रात्री बाहेर येऊन गवत चरायचं हा पाणघोड्याचा दिनक्रम. एका प्राण्यावरून दोन गोष्टी कळतात: बारमाही खोल पाणी आणि जवळच भरपूर गवत. आज मे महिन्यात मांजरेचं कोरडं पात्र बघितलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवणं जड जातं. त्याच व्यापक काळात जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांवर नक्षी कोरली. शहामृग खुरांचा प्राणी नाही, पण मोकळ्या कोरड्या प्रदेशाचा तो पक्का साक्षीदार आहे.

इनामगावची हाडं जीवाश्म आहेत का?

नाहीत. शिरूरजवळच्या इनामगावला साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथली गायी-बैल, शेळ्या-मेंढ्यांची हाडं अश्मीभूत झालेली नाहीत. पण त्यांच्यासोबत काळविटाचीही हाडं आहेत, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही घोड नदीच्या आसपास मोकळं रान होतं.

यात चुका कशा होतात?

मुख्य चूक नदीमुळे होते. पाणी वेगवेगळ्या काळांतली हाडं आणून एकाच थरात टाकतं. हाडाच्या कडा गोल झिजल्या असतील तर ते लांबून वाहत आलं असं समजायचं. दुसरी चूक एकाच प्राण्यावरून निकाल देण्याची. एका रानबैलावरून गवताळ प्रदेश ठरत नाही. त्याच्या शेजारी कोण होतं आणि कोण नव्हतं हे बघावं लागतं. आणि वय ठरवणं अवघड असतं. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. असा थर हा गाळाची तारीख लावायला आधार, पण त्या राखेच्याच वयावरून संशोधकांत वर्षानुवर्षं वाद झाला.

आपली माळरानं म्हणजे तुटलेली जंगलंच ना? मग तिथे झाडं लावायला काय हरकत आहे?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

बारामती, दौंड, शिरूर, इंदापूर या बाजूची माळरानं सरकारी कागदांवर अनेकदा ‘पडीक’ असतात. पावसाळ्यात उत्साहाने लोक जातात, खड्डे खणतात आणि रोपं लावतात. हेतू चांगला असतो, पण गृहीतक तपासलेलं नसतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस कमी, माती उथळ आणि खाली मुरूम. दख्खनच्या जुन्या गाळात रानबैल आणि इतर चरणारे प्राणी आहेत. पाटण्याचं शहामृग आहे, इनामगावचं काळवीट आहे. नदीकाठी झाडी होती, पाणी होतं, पाणघोडेही होते, पण त्यापलीकडे मोकळं गवत होतं. माणसाने कुऱ्हाड चालवायच्या फार आधीपासून.

काही ठिकाणी झाडी तुटून माळ झाला असेल, हे मी नाकारत नाही. प्रत्येक माळाची गोष्ट वेगळी तपासावी लागेल. पण चिंकारा, लांडगा, माळढोक आणि धनगरांचे वाडे ज्या गवतावर जगले, त्याला पडीक म्हणणं हे त्या दाढांमधला पुरावा न वाचण्यासारखं आहे. मयूरेश्वरला सप्टेंबरमध्ये जा, वाऱ्यावर हलणाऱ्या कुसळांमध्ये उभे राहा आणि मग ठरवा तिथे गिरिपुष्पाची झाडं लावायची की नाही.

मला नदीकाठी काही सापडलं तर ओळखू कसं?

आधी कंकर वगळा. चुनखडीच्या लांबट गाठी हुबेहूब हाडांसारख्या दिसतात, पण तुटलेल्या जागी आतून एकसारख्या असतात. अश्मीभूत हाडाच्या आत स्पंजासारखी जाळी दिसते, निदान कडेला तरी. दाढ असेल तर एनॅमलची चमक आणि चंद्रकोरी शोधा. ताज्या हाडापेक्षा जीवाश्म बराच जड लागतो.

एकदा शिरूरकडच्या एका मेंढपाळ काकांनी फडक्यात बांधलेली दाढ दाखवली. खरी होती, सुंदर होती. पण कुठल्या थरातून निघाली ते त्यांना आता आठवत नव्हतं. घरात कोनाड्यात काही वर्षं पडून होती. थर हरवला की दाढेची निम्मी गोष्ट हरवते. म्हणून सापडल्या जागी हात लावायच्या आधी फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून. मागे सरकून काठाचा संपूर्ण फोटो घ्या, थर दिसतील असा. मोबाइलवर ठिकाणाची नोंद करा. थरात अडकलेलं असेल तर उकरू नका, आणि पुण्यातल्या भूशास्त्र किंवा पुरातत्त्वाच्या विभागात कळवा. पात्रात सुटं पडलेलं असेल आणि पुराने वाहून जाईल असं वाटलं, तरच उचला. कागदात गुंडाळा, आणि त्याच कागदावर गावाचं नाव, काठ डावा की उजवा, आणि तारीख लिहा.